कुलूपबाई आणि जप्तीचे कपाट

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंना मुले कुलूपबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, पण बाईंना ते ठाऊक होते आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. काचेच्या प्रत्येक कपाटाला कुलूप आणि सगळ्या किल्ल्या एका जाड कडीत. बाई जिना उतरू लागल्या की किल्ल्यांच्या आवाजानेच वर्गातली मुले सरळ बसत. एवढा दरारा असून त्यांच्या खोलीत मात्र कोणी फिरकत नसे.

मी त्याच शाळेत कार्यालय अधीक्षक आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. पुस्तकाशी माझा संबंध त्याची खरेदी झाली की संपतो. तरी बाईंविषयी मीच लिहावे हे बरे, कारण जे घडले ते सगळे माझ्या टेबलावरून गेले आहे. शिक्षक मंडळी हीच हकिकत सांगतात तेव्हा मधूनच सुरू करतात.

सुरुवात संस्थेच्या अध्यक्षांपासून झाली. अध्यक्ष मूळचे लाकडाचे व्यापारी. वखार मुलांच्या हाती दिल्यापासून त्यांचा सगळा वेळ शाळेला मिळतो, आणि शाळेला तो पुरून उरतो. एका दुपारी ते फिरत फिरत वाचनालयात शिरले. आत बाई एकट्याच बसल्या होत्या. पंखाही बंद होता, एका माणसासाठी तो कशाला फिरवायचा म्हणून.

"मुलं कुठायत?" अध्यक्षांनी विचारले.

"वर्गात, साहेब."

"आणि मधल्या सुट्टीत?"

"मैदानावर."

"मग इथे कधी असतात?"

बाईंना खोटे बोलता येत नाही. "नसतात," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला खोली हवीच होती. त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला. "वार्षिक तपासणीला मी पुन्हा येईन. तेव्हा इथे वाचणारी मुलं दिसली तर खोली तुमची. नाही दिसली तर कपाटं गच्चीवरच्या खोलीत, गठ्ठे इथे, आणि तुम्ही खाली भाऊसाहेबांच्या शेजारी, हजेरीच्या कामाला."

भाऊसाहेब म्हणजे मी. माझ्या शेजारी बसणे ही शिक्षा असू शकते, हे मला त्या दिवशी समजले.

बाई संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, उभी हयात मी ती कपाटं झाडली. शेवटची वर्षं आता हजर-गैरहजर करत काढायची का?"

मी चहा मागवला.

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. वर्गात कोणाच्या बाकाखाली काही सापडले की शिक्षक ते जप्त करतात आणि वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात जमा करतात. वर्षअखेरीस पालकांनी येऊन न्यायचे. या कपाटात भोवरे असतात, आरसे असतात, पत्त्यांचे कॅट असतात. अलीकडे मात्र त्यात बहुतेक सगळी एकाच जातीची पुस्तके येऊ लागली होती. कथा पूर्ण चित्रांत आणि संवाद फुग्यांत. त्यातल्या जपानी पद्धतीच्या पुस्तकांना मुले मंगा म्हणतात. ती आपल्या हिशेबाने शेवटच्या पानाकडून उघडतात, आणि प्रत्येक पानावरची चित्रेही उजवीकडून डावीकडे वाचायची असतात.

गठ्ठ्यांची धमकी मिळाल्यावर बाई हे कपाट आवरायला बसल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्या मुलांनी वाचनालयाचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, ती रोज दारात येऊन विचारत, "बाई, माझं पुस्तक ठीक आहे ना?" इस्पितळात पेशंटची चौकशी करावी तसे. एका मुलीने तर फक्त लांबून बघू द्या म्हणून विनंती केली.

बाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, या शाळेत मुलांना खरोखर हवं असलेलं एकच कपाट आहे, आणि त्यालाच मी सगळ्यात मोठं कुलूप लावलंय."

मग त्यांनी ठरवले की असली पुस्तके रीतसर विकत घ्यायची आणि वाचनालयात ठेवायची. पण न वाचता पुस्तक मुलांच्या हाती देणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून त्यांनी दुकानदाराकडून नमुन्याच्या प्रती मागवल्या आणि पिशवी भरून घरी नेल्या. घरी त्यांच्या सासूबाई. वय झालेले, डोळ्याचे ऑपरेशन झालेले, बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वाचन सुटलेले. चित्रे मोठी पाहून त्यांनी एक पुस्तक उचलले आणि आपल्या बाजूने उघडले.

"आई, ते उलट्या बाजूनं वाचायचं असतं," बाई म्हणाल्या.

"तुझ्या सासऱ्यांचं सगळंच उलटं होतं. संसार केलाच ना मी? हे तर नुसतं पुस्तक आहे."

त्या दिवसापासून निवड समितीवर दोघी. बाई संवाद वाचत, सासूबाई चित्रे वाचत, आणि निकाल बहुधा सासूबाईंचा लागे. तो बाई मला शब्दशः सांगत. "हे लहान वर्गांना दे. मांजर आगाऊ आहे पण मनानं चांगलं आहे." "हे मोठ्या वर्गांना. रक्त आहे, पण उगाच सांडलेलं नाही." "हे परत कर. गोष्ट आहे बेकरीची, आणि ही पोरगी सारखी पोहायच्या कपड्यात. पाव भाजायला कोण असं जातं? अंग भाजेल की." बेकरीची मालिका परत गेली.

निवड पक्की झाली, यादी खरेदी समितीकडे गेली. समितीचे सचिव आमचे गणिताचे सर. त्यांनी यादी पाहिली आणि त्यांना घोटाळा पकडल्याचा आनंद झाला. एकाच नावाचे पुस्तक पुन्हा पुन्हा लिहिले होते. त्यांनी एकेक मालिका घेतली, त्यातली शेवटची नोंद सर्वांत नवी आवृत्ती म्हणून ठेवली आणि बाकीच्या लाल शाईने उडवल्या. त्यामुळे शाळेत जे पहिले खोके आले, त्यात प्रत्येक मालिकेचा फक्त शेवटचा भाग होता.

बाई ते खोके घेऊन तडक शिक्षकांच्या खोलीत गेल्या. मीही पाठोपाठ गेलो, कारण पावती माझ्याकडे होती.

"सर, हे भाग आहेत. एकापुढे एक. तुम्ही सगळ्यांचा शेवट तेवढा ठेवलात."

"नाव एकच आहे."

"तुमच्या गणिताच्या पुस्तकाचंही पहिलीपासून नाव एकच आहे. तुम्ही दहावीचं घेऊन पहिलीला शिकवता का?"

सरांनी थोडा विचार केला. "पहिली मी घेत नाही," ते म्हणाले.

उरलेले भाग यायला पुढची बैठक व्हावी लागली. तोवर मुलांनी शेवट वाचून टाकले होते आणि सुरुवात काय असेल यावर पैजा लावल्या होत्या.

पुस्तके आली की शिक्के मारायचे. नाव-पानावर एक, शेवटी एक, आणि चोरी ओळखू यावी म्हणून आतल्या एका ठरावीक पानावर एक. हे पान कोणते ते बाहेर सांगायचे नसते. आमच्या शिपायाने नेहमीप्रमाणे त्या पानाच्या बरोबर मध्यभागी शिक्के मारले. घोड्यावरून टपाल पोचवणाऱ्या एका मुलीची मालिका सगळ्यात लोकप्रिय होती. तिच्या पहिल्या भागात पत्रे चोरणारा बुरखेधारी त्या ठरावीक पानावरच बुरखा काढतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर आमच्या शाळेचे गोल बोधचिन्ह. शाळाभर चर्चा सुरू झाली की चोर कोण. काही मुलांचे म्हणणे पडले की चोर आमच्याच शाळेचा आहे. पुढच्या पुस्तकांवर बाईंनी स्वतः बसून समासात शिक्के मारले.

पण खोली भरू लागली. मधल्या सुट्टीत जागा मिळेना म्हणून मुले कपाटांना टेकून खाली बसू लागली. कुलपे सकाळी निघत ती शाळा सुटताना लागत, किल्ल्या दिवसभर खोलीतच राहत, आणि बाई आवाज न करता येऊ लागल्याने वर्गांची पंचाईत झाली. फक्त एक चमत्कारिक चक्र सुरू झाले. बाई सकाळी पुस्तक देत, दुपारी गणिताचे सर ते बाकाखालून जप्त करून वाचनालयात जमा करत, बाई ते पुढच्या मुलाला देत. पुस्तके इतक्या वेळेवर परत येण्याची आमच्या शाळेत ही पहिलीच खेप.

"सर, त्यावर शाळेचा शिक्का आहे," बाई म्हणत.

"शिक्का आहे म्हणून इकडे आणलं. नसता तर पालकांना बोलावलं असतं," सर म्हणत.

सरांनीच पुढे अध्यक्षांच्या कानावर घातले की वाचनालय भरते खरे, पण बालवाडीच्या पुस्तकांनी. अध्यक्षांचा निरोप आला. "मी वाचणारी मुलं म्हणालो होतो, चित्रं बघणारी नव्हे. तपासणीला मी स्वतः एखाद्या मुलाला गोष्ट विचारीन. सांगता आली तर ठीक, नाहीतर माझे गठ्ठे तयार आहेत."

बाई हिमतीच्या. "विचारू देत," त्या म्हणाल्या. पण तोवर पुस्तकांची पाने सुटू लागली होती. घोडेवालीचे सगळे भाग तर हातात धरवत नव्हते. तपासणीपूर्वीच्या सुट्टीत त्यांनी ती मालिका आमच्या नेहमीच्या बाइंडरकडे पाठवली. हे गृहस्थ शाळेचे काम फार पूर्वीपासून करणारे. त्यांची शिवण आयुष्यात कधी उसवत नाही. सुट्टी संपली तसे ते स्वतः गठ्ठा घेऊन माझ्या कार्यालयात आले. बाईही तिथेच होत्या.

"बाई, तुम्हाला फसवलं दुकानदारानं," ते म्हणाले. "सगळीच्या सगळी उलटी बांधलेली होती. पहिलं पान शेवटी. पण काळजी नको, मी प्रत्येकाचा जुना पुठ्ठा काढला, पुस्तक दुसऱ्या अंगाला शिवलं. आता आपल्यासारखं उघडतं."

बाई गठ्ठ्याची दोरी सोडू लागल्या. मीच विचारले, "उलटी आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं, भाऊसाहेब? छापणाऱ्यानंच कबूल केलंय. प्रत्येकात एक पान होतं. 'थांबा, ही चुकीची बाजू आहे.' मोठ्या अक्षरात. एवढा प्रामाणिक माणूस मी या धंद्यात बघितला नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ती पानं मी काढून टाकली. मुलांसमोर त्याची बदनामी नको."

ते गेल्यावर बाईंनी एक भाग उघडला. पाने आता डावीकडून उजवीकडे उलटत होती, पानावरची चित्रे मात्र होती तशीच, उजवीकडून डावीकडे. जिथे दोन पाने मिळून एकच मोठे चित्र होते, तिथे दोन्ही पानांची अदलाबदल झाली होती. घोडीच्या पोटाचे दोन तुकडे दोन बाहेरच्या कडांना गेले होते आणि तिचे तोंड अन् शेपूट मधल्या शिवणीपाशी एकत्र आले होते.

"भाऊसाहेब, ही काय करतेय?"

"स्वतःचं शेपूट हुंगतेय," मी म्हणालो. दिसत होते ते सांगणे भाग होते.

तपासणी आठवड्यावर आली होती, नव्या प्रती येणे शक्य नव्हते. मुख्याध्यापिकांनी सुचवले की हे भाग जप्तीच्या कपाटात कोंडून टाकावेत, साहेब गेले की बघू. बाईंनी रात्रभर काय विचार केला ठाऊक नाही, पण सकाळी त्या चिकटपट्टी आणि चिठ्ठ्या घेऊन आल्या. "मुलं सगळ्यात जास्त हेच मागतात. हेच लपवलं तर दाखवायचं काय?" प्रत्येक भागात आता पहिल्या पानावर सूचना होती: 'हे पुस्तक बांधताना सरळ झाले आहे. पाने आपल्या पद्धतीने उलटावीत. पानावरील चित्रे उजवीकडून वाचावीत. मोठे चित्र तुटलेले आढळल्यास मनाने जोडावे.'

मुलांनी तक्रार केली नाही. उलट, मनाने जोडायला मिळते म्हणून या प्रतींसाठी रांग लागली.

तपासणीच्या दिवशी अध्यक्ष मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या दारात उभे राहिले. मागे मुख्याध्यापिका, गणिताचे सर आणि मी. अध्यक्ष कोणत्याही खोलीत आले की मुले धडाधड उठतात, आणि ते हाताने 'बसा, बसा' करतात. तसा त्यांनी हात वर केलाही. पण कोणी उठलेच नव्हते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि एकही मान वर झाली नाही. मुख्याध्यापिका बाई खोकल्या. पुन्हा मोठ्याने खोकल्या. एका मुलाने न बघताच त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

"उठायची पद्धत बंद झाली का?" अध्यक्षांनी विचारले.

मुख्याध्यापिका मुलांवर ओरडणार एवढ्यात बाई पुढे झाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचाच होता. "साहेब, वाचताना उठायचं नाही, असं मी सांगितलंय."

"मी आलो तरी?"

"कोणीही आलं तरी."

मी मनातल्या मनात माझ्या शेजारी एक टेबल लावून टाकले.

अध्यक्ष वाट काढत आत गेले. एका मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर पुस्तकांचा ढीग होता, तो खाली ठेवून ते तिच्यावर बसले. खुर्ची लहान होती, गुडघे छातीशी आले. मुलगी सहावीतली, वर्गात तोंड न उघडणारी म्हणून शिक्षकांना माहीत असलेली. तिच्यासमोर घोडेवालीचा तिसरा भाग. त्यांनी तो ओढून घेतला आणि कुठेतरी मध्येच उघडून मोठ्याने वाचले, "'म्हणून मी तुला सोडून दिलं.' 'का सोडून दिलंस?'" त्यांनी वर पाहिले. "हा उत्तर आधी देतो आणि ती प्रश्न मग विचारते. कसली पुस्तकं ही, बाई?"

"तुम्ही उलटं वाचताय," मुलगी म्हणाली.

"पुस्तक उलटं आहे."

"पुस्तक अर्धंच उलटं आहे. तुम्ही पूर्ण उलटं वाचताय." तिने त्यांचे बोट धरून पानाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवले. "इथून."

अध्यक्षांनी बोट तसेच ठेवले. "बरं. मग सांग, त्यानं तिला का सोडून दिलं?"

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. हाच तो प्रश्न होता.

"तिच्याकडून त्या चोरानं घेतलेलं पत्र त्याच्याच आईचं होतं. पण ते त्याला माहीत नाही, नुसतं अक्षर ओळखीचं वाटलं. तिलाही नाही. मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला."

"त्याला माहीत आहे," पलीकडच्या बाकावरून एक मुलगा पुस्तकातून डोके न काढता म्हणाला.

"नाहीये."

"आहे. डोळे बघ त्याचे."

"डोळे त्याचे आधीपासून तसेच आहेत. तू दुसरा भाग वाचलास का नीट?"

"कुठे लिहिलंय ते दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

"लिहिलेलं नाहीये," मुलगी म्हणाली. "लिहिलं असतं तर भांडलो कशाला असतो? बघून ठरवायचं."

अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि पान नाकाशी नेले. गणिताचे सर पुढे होऊन म्हणाले, "साहेब, हेच मी म्हणत होतो, यात वाचायला काही—"

"सर, जरा उजेड सोडा," अध्यक्ष म्हणाले. सर बाजूला झाले. बऱ्याच वेळाने अध्यक्षांनी पान खाली ठेवले आणि मुलीला म्हणाले, "त्याला माहीत आहे. हात बघ. चोरलेलं पत्र माणूस मुठीत धरतो. हे त्यानं तळहातावर ठेवलंय."

मुलगी हाताकडे बघत राहिली. "मग पुढच्या भागात तो ते जाळायला का निघतो?"

"जाळायला निघतो?"

"तुम्ही वाचलंच नाहीये ना अजून. मग आधी वाचा, मग बोलू."

घंटा झाली, मुले उठली आणि वर्गांकडे गेली. ती मुलगीही गेली. अध्यक्ष त्या लहान खुर्चीतून मोठ्या प्रयासाने उठले, तिसरा आणि चौथा असे दोन्ही भाग काखेत धरून. मुख्याध्यापिकांनी विचारले, "साहेब, तपासणीच्या शेऱ्यात काय लिहायचं?"

"गोष्ट सांगता आली, असं लिहा. गठ्ठे भाऊसाहेबांकडे ठेवा, त्यांच्याकडे जागा आहे." माझ्याकडे जागा नाही, पण हे सांगण्याची ती वेळ नव्हती. ते दाराकडे निघाले.

"साहेब," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण नियम तो नियम. "सभासदाशिवाय पुस्तक बाहेर देता येत नाही."

"मी अध्यक्ष आहे."

"हो, पण सभासद दोनच प्रकारचे आहेत. शिक्षक किंवा विद्यार्थी."

अध्यक्षांनी आधी बाईंकडे, मग गणिताच्या सरांकडे पाहिले. "शिक्षक नको," ते म्हणाले.

बाईंनी कार्ड काढले, नाव लिहिले आणि इयत्तेच्या जागी पेन थांबवले. अध्यक्ष म्हणाले, "ती मुलगी ज्या वर्गात आहे, तो लिहा. उद्या मला तिला उत्तर द्यायचंय."